गळत नाही, साहेब

आमच्या उपकेंद्राची पाहणी झाली त्या वर्षी मी एक खोटं बोलले. ते माझ्या एकटीचं नव्हतं, अख्ख्या गावाचं होतं. तोंड मात्र माझं होतं.

मी परभणीकडची. सहावीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याला बारामतीच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून इकडं आले. भवानीनगरपासून थोडं आत, कालव्याच्या कडेच्या गावात आम्ही खोली घेतली. तिथल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी मला परिचर म्हणून ठेवलं. झाडणं, पाणी भरणं, सुया उकळणं, लसीच्या दिवशी बायकांना बोलावून आणणं. सहावीपर्यंत शिकलेल्या परक्या बाईला कोण कशाला ठेवतंय? त्यांनी ठेवलं. ते उपकार मी आजही विसरलेले नाही. आणि ते काम जाईल ही धास्तीही तेव्हा एक दिवस मनातून गेली नाही.

उपकेंद्र म्हणजे सिमेंटच्या पत्र्याची एक खोली. पत्रे तडकलेले. पावसाळ्यात आम्ही कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडं ढकलत फिरायचो. बाळंतपण तिथं होणं शक्यच नव्हतं. कळा सुरू झाल्या की बाईला जीपमध्ये घालून इंदापूरला न्यायचं. एक तर अर्ध्या वाटेत, उसाच्या फडाजवळ बाळंत झाली होती. सिस्टरबाई तीन वर्षं वर अर्ज करत होत्या, छत दुरुस्त करा, बाळंतपणाची खोली द्या.

मार्चमध्ये चावडीपुढं रेडिओवर बजेटच्या बातम्या लागल्या. सरकार यंदा आरोग्य, पाणी, शाळा यांना प्राधान्य देणार म्हणे.

"प्राधान्य म्हंजी काय रं?" आबांनी विचारलं. आबा उपकेंद्राच्या शेजारच्याच घरातले, गावातलं शेवटचं मत त्यांचं.

"म्हंजी आधी आपलं काम करायचं, आबा," रेडिओजवळचा एक पोरगा म्हणाला.

"आधी आपलं? हितं?" आबा हसले. "सरकार इतकं गोड बोलाय लागलं की समजायचं, काय तरी काढून न्यायचा इचार हाय."

कुणी हसलं नाही. दोन वर्षांपूर्वी दुपारची एसटी अशीच गेली होती. एक माणूस वही घेऊन आला, स्टँडवर बसून उतरणारी-चढणारी माणसं लिहून गेला, लोकांनी त्याला चहाही पाजला. महिन्यात फेरी बंद. तेव्हापासून वही घेऊन येणाऱ्या माणसाची गावाला भीती बसली होती.

त्यामुळं पुढं निरोप आला की तालुक्याचे साहेब उपकेंद्राच्या पाहणीला येणार, तेव्हा गावानं एकच अर्थ काढला. मोडकी उपकेंद्रं बंद करून मोठ्या गावाला जोडणार. सिस्टरबाई चार दिवस ट्रेनिंगला गेलेल्या. आबा म्हणाले, "पोरी, हितं काय बी कमी दिसता कामा नये."

मग काय विचारता. भिंतींना चुना दिला. दत्तजयंतीच्या मांडवाचं पांढरं कापड पत्र्याखाली ताणून बांधलं, तडे झाकले गेले. आबांच्या घरची नवी खाट आली, तिच्यावर मोराची चादर. मी दारात रांगोळी काढली.

साहेब तरुण होते, घामाघूम. पाणी प्यायले आणि वही उघडली. वही बघूनच मला एसटीच्या स्टँडवरचा तो माणूस आठवला.

"पावसात गळतं का?"

"न्हाय साहेब. अजिबात गळत न्हाय."

"बाळंतपणं इथं होतात?"

"व्हय. समदी हितंच."

इकडची बोली मी आता त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते. साहेबांनी एकदा मोराकडं पाहिलं. "हे बघा, यंदा बजेटमध्ये दुरुस्तीला तरतूद आहे. काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा."

मी मनात म्हटलं, हाच तो सापळा. दारातून आबांनीही डोळ्यांनी खूण केली. "काय बी अडचण न्हाय," मी म्हणाले.

मंजूर दुरुस्त्यांची यादी आली तेव्हा सिस्टरबाई परत आल्या होत्या. दुरुस्ती बावड्याकडच्या एका गावाला मिळाली होती. आमच्या नावापुढं लिहिलं होतं, स्थिती समाधानकारक. बाईंनी ते दोनदा वाचलं. मी सगळं सांगून टाकलं, पायाच्या अंगठ्याकडं बघत.

"अगं, पोरगी दाखवायचा कार्यक्रम होता का हा?" त्या म्हणाल्या. "चुना काय, चादर काय! तीन वर्षं मी लिहितेय गळतंय, आणि तू एका मिनिटात बुजवलंस?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या.

त्यांनी पुन्हा अर्ज केला. मे महिन्यात तेच साहेब पुन्हा आले. या खेपेला आम्ही काहीही झाकलं नव्हतं. खाट परत गेली होती, कापड काढलं होतं, चुन्याचे पोपडे निघाले होते. साहेब दारातच थांबले.

"दोन महिन्यांत एवढं बिघडलं? मागं या बाईच म्हणाल्या, गळत नाही. आता निधी दिसला म्हणून मुद्दाम फोडलंत का पत्रे?"

आता संशय त्यांचा होता, आणि तो गैर तरी कसा म्हणायचा? सिस्टरबाईंनी उतरल्या चेहऱ्यानं त्यांना आत खुर्ची दिली. मी पदर खोचला, आबांच्या गोठ्यातली शिडी आणली, घागर कमरेवर घेतली आणि वर चढले. "आगं पडशील!" म्हणत आबांनी शिडी धरली. मी अख्खी घागर पत्र्यावर उपडी केली.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांचा, "अहो बास! बास!"

खाली आले तर ते वही शर्टाला पुसत होते. पत्र्यांचे तडे त्यांनी आता नीट पाहिले होते, जुने, काळे पडलेले, शेवाळ धरलेले.

"मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"भ्या वाटलं. तुमी वही घेऊन आला व्हता."

ते वही पुन्हा उघडून बसले. मग ओल्या पानावर लिहायला लागले. सिस्टरबाई चहा आणायला वळल्या. मी मात्र दारातून हलले नाही.

"साहेब, काय लिहिलं ते दाखवा."

"अगं..." बाई मागून म्हणाल्या.

साहेबांनी वही फिरवून माझ्यापुढं धरली. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. छत गळते. बाळंतपणाची सोय नाही. पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं आणि मगच त्यांच्या वाटेतून बाजूला झाले.