ईश्वरप्पाच्या दारातली गाडी

ईश्वरप्पाला 'नाही' म्हणता येत नाही, हे आमच्या कारखान्यात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांनी त्याचा यथेच्छ फायदा घेतलेला आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना. तो पॅकिंगला, मी डिस्पॅचला. कुणाला सणाला गावी जायचंय, ईश्वरप्पा त्याची पाळी करणार. कुणाच्या घरी कार्य आहे, ईश्वरप्पा पंगतीत वाढायला उभा. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. देवमाणूस म्हटलं की परत काही द्यावं लागत नाही, एवढी सोय त्यात असते. मी त्याला तोंडावर बावळट म्हणायचो आणि तो हसायचा. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

तो राहतो मैंदर्गीला, अक्कलकोटच्या पुढं. रोज तिथून येऊन-जाऊन करतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, सिद्धेश्वरीच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला सोलापूरला आणायचं ठरलं. सकाळी येताना ती बरी असायची. परतताना मात्र अंग पिळून टाकलेल्या टॉवेलसारखं व्हायचं. त्या अवस्थेत एसटीत उभं राहायचं, नाहीतर वडापच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं. एकदा तिला वाटेत उलटी झाली तेव्हा जीपवाल्यानं दोघांना वळसंगच्या अलीकडं उतरवून दिलं. ईश्वरप्पानं त्याचं पूर्ण भाडं दिलं आणि वर माफीही मागितली.

त्यानंतर तो माझ्याकडं आला. "उदयअण्णा, येक जुनी गाडी बघून द्या की. लई भारी नको. वाटंत बंद पडू नये, आन् हिला मागच्या शिटावर आडवं होता यावं, बास."

गाड्यांच्या बाबतीत मी जरा शहाणा समजला जातो, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला तसंच समजतो. पुढचे कितीतरी रविवार आम्ही सोलापूर पालथं घातलं. पहिली गाडी आरशासारखी चमकत होती. मी डिकीतली मॅट उचलली तर खाली वाळलेला गाळ. कुठल्यातरी पुरात बुडून आलेली. दुसऱ्या गाडीचा मीटर नव्या नवरीसारखा लाजून थोडेच किलोमीटर सांगत होता, पण ब्रेकच्या पॅडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. भाड्यानं पळवून पळवून तिचा जीव काढला होता. तिसऱ्याच्या दारात गेल्या गेल्या मी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम. आम्ही येण्याआधीच त्यानं गाडी तापवून ठेवली होती, म्हणजे गार इंजिनावर ती उठत नसणार. तिन्ही वेळा ईश्वरप्पा माझ्या कानाशी लागला, घेऊन टाकू या, बिचाऱ्यानं चहा पाजलाय, आता नको कसं म्हणायचं. शेवटी मी त्याला विकणाऱ्याशी बोलायचीच बंदी केली.

चौथी गाडी जुळे सोलापुरात मिळाली. एका रिटायर्ड मास्तरांची पांढरी वॅगनआर. मंडईपलीकडं फारशी न गेलेली. सकाळी गार इंजिन, अर्ध्या किल्लीत चालू. कागद स्वच्छ, मालक एकच, आणि पी.एफ.मधून उचल घेऊन ईश्वरप्पाला झेपेल अशी किंमत. मी त्याला मागच्या सीटवर आडवं होऊन बघायला सांगितलं. हा उंच माणूस गुडघे पोटाशी घेऊन तिथं निजला आणि मास्तरांच्या बायकोकडं बघून लाजला. आमची ही माज्याहून बुटकी हाय, म्हणाला, तिला ऐसपैस होईल.

पहिल्या दिवशी सिद्धेश्वरी हॉस्पिटलपासून घरापर्यंत झोपून गेली. दारात उतरल्यावर तिनं विचारलं, घर आलं पण? हे सांगताना ईश्वरप्पाचे डोळे भरून आले होते. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी कुणावरच ओरडलो नाही.

गाडीच्या पूजेला मी मैंदर्गीला गेलो होतो. एका अंगणाभोवती चार चुलतभावांची घरं, मधे सगळ्यांची मिळून एक पडवी. पडवीत भिंतीला लाकडी खुंटी. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली, ट्रॅक्टरची किल्ली, फवारणीचा पंप, सगळं तिथं टांगलेलं. ज्याला लागेल त्यानं घ्यावं, काम झालं की आणून अडकवावं. आजोबांच्या वेळेपासूनची रीत, कुणी कुणाला विचारायचं नाही. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि ईश्वरप्पानं गाडीची चावी नेऊन त्या खुंटीला अडकवली.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, ही चावी खिशात ठेव. ट्रॅक्टर वेगळा, ही वेगळी.

"तसं कसं, अण्णा? खुंटीवरची चावी खिशात गेली तर लोक म्हंतील घर फुटलं."

त्यानंतर मी त्याला कारखान्यात अधूनमधून विचारायचो, गाडी कशी आहे? तो म्हणायचा, एकदम झ्याक, अजून कधी धक्का मारावा लागला न्हाय. मी खूश व्हायचो. बंद न पडणाऱ्या गाडीत बसतंय कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्यानं आपण होऊन सांगितलं असतं तर तो ईश्वरप्पा कसला.

परवा, ऐन लग्नसराईत, सुट्टी घेऊन मी नव्या पेठेत गेलो होतो. कोपऱ्यावर ती पांढरी गाडी उभी. नंबर मला तोंडपाठ. डायलिसिसचा वार होता, म्हणून वाटलं, बायकोला घेऊन आलाय की काय बाजारात, म्हणजे तब्येत सुधारली म्हणायची. जवळ गेलो तर ईश्वरप्पाचा थोरला चुलतभाऊ महेश्वर. मुलाच्या लग्नाचा बस्ता बांधायला घरच्या बायकांना घेऊन आला होता. डिकीत, मागच्या सीटवर, पायाशी, साड्यांचे आणि आहेराच्या कापडांचे गठ्ठेच गठ्ठे.

त्यानं मला ओळखलं. माणूस गोड. "बर्री, बर्री," म्हणून कानडीत स्वागत केलं, उसाचा रस मागवला. मी विचारलं, सिद्धेश्वरी कुठाय? ती दोघं सकाळीच एसटीनं आलीत, तो म्हणाला, जातानाबी एसटीनंच जातील, गाडीत कुटं जागा हाय? मग बॉनेटवर प्रेमानं थाप मारून म्हणाला, "गाडी मात्र लई भारी निवडली तुमी. तुळजापूर, गाणगापूर, विजापूर, कुटं कुरकुर न्हाय. आमच्या पोरालाबी अशीच येक बघून द्या की."

रस मी तसाच ठेवला. माझ्या तोंडात त्या वेळी ज्या शिव्या आल्या, त्या मी गिळल्या, कारण बायका होत्या. त्या गिळल्याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी गाडी काढली आणि तडक एसटी स्टँड गाठलं. अक्कलकोटच्या फलाटावर सिद्धेश्वरी खांबाला टेकून खाली फरशीवर बसली होती. हाताला पट्टी, तोंड राखेसारखं. ईश्वरप्पा आत शिरणाऱ्या बसमागं धावत होता, खिडकीतून रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरायला. त्याच्या आधी तिथं दहा रुमाल पडले.

मी त्याला दंडाला धरून तिच्यापाशी ओढत आणलं. किती दिवस चाललंय हे? खाली बसलेली सिद्धेश्वरीच बोलली. घेतल्यावर चार-पाच खेपा आपण गाडीतनं आलो, मग पाव्हणे सुरू झाले, मग देवदेव, आता लग्नं. मी ईश्वरप्पाला म्हटलं, आज घरी जा आणि चावी खिशात घाल. महेश्वर काय खातो का तुला?

"महेश्वरअण्णानं मला आयटीआय शिकवलं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, बायकोला ऐकू जाऊ नये असा, "उद्या हिला कायबाय झालं तर हीच चार मानसं येनार की."

"येतील ना," मी ओरडलो. "तुझ्याच गाडीत बसून येतील."

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. सिद्धेश्वरीनंही ऐकलं होतं. ईश्वरप्पा हसला नाही, हे त्या दिवसातलं एकच बरं. माझंच तोंड फोडून घ्यावंसं वाटलं, पण शब्द परत घेता येत नाहीत. मी तिला हात देऊन उठवलं आणि दोघांना माझ्या गाडीत घातलं. ती मागं आडवी झाली. ईश्वरप्पा पुढं माझ्या शेजारी बसला, पिशवी मांडीवर धरून.

शहर मागं पडलं. मी मनातल्या मनात बेत करत होतो. आज अंगणात जाऊन महेश्वरशी भांडायचं, चावी स्वतः मागून घ्यायची, पाहिजे तर ती कारखान्यात माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. ईश्वरप्पा बहुधा हे ओळखून होता, कारण तो हळूच म्हणाला, लगीन तेवढं पार पडू द्या, अण्णा, मग बघू. लग्नानंतर व्याही-पाहुण्यांची ने-आण असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, व्हय, ती तर करावीच लागती.

अक्कलकोट यायच्या आधी मागून सिद्धेश्वरीचा आवाज आला. मला वाटलं होतं ती झोपली.

"अण्णा, राग नका धरू, येक बोलते."

बोल, म्हटलं.

"तुमी लई कष्ट घेतले, मला ठावं हाय. पन तुमी जरा खराब गाडी बघून द्यायची होती. मधीमधी बंद पडनारी. मग कुनी मागितली नसती, माज्यासाटी दारात ऱ्हायली असती."