पेन्सिलीच्या तारखा

सिलिंडर लावल्याची तारीख बायको स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेननं लिहिते. यंदा मुलाकडे बंगळूरला जायच्या तारखा मात्र तिनं पेन्सिलीनं लिहिल्या. चैत्री पौर्णिमेला तिथली मोठी मिरवणूक बघायची, मेमधली आंब्यांची जत्रा करून परतायचं, असं सगळं ठरवून. मी पेन पुढं केलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "गेल्या वर्षी किती खाडाखोड झाली!"

गेल्या उन्हाळ्यात मुलानं तीनदा सांगितलं होतं, "आत्ता नको, पुढच्या महिन्यात या."

सिलिंडरचं आपण किती ठामपणे लिहितो! पोटच्या पोराकडे जायचं लिहिताना हात हलका ठेवावा लागतो.

फोन वाजला. मुलाचंच नाव होतं. तिनं आधी खोडरबर हातात घेतलं, मग फोन उचलला.