माझी गूळतुला

माझ्या पोटाचं ऑपरेशन चालू होतं त्या सकाळी माझी थोरली बहीण रोह्यात देवळात बसून होती. इकडे डॉक्टर माझं जठर बरंचसं कापून मागे केळ्याएवढी नळी ठेवत होते, तिकडे ताई देवीला सांगत होती, हिला सुखरूप बाहेर काढ, हिच्या भारोभार गूळ वाटीन. शुद्धीवर आल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. एक, नवस बोलून झालाय. दुसरी, तो इतक्यात फेडायचा नाही.

"देवीला कुठं घाई हाय?" ताई फोनवर म्हणाली. "तू आता बारीकच व्हनार ना गो? मग हो की. उगा आताच्या वजनाचा गूळ कशाला?"

मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. आमच्या घरात भक्ती आणि काटकसर एकाच चुलीवर शिजतात.

ऑपरेशन हौसेचं नव्हतं. आमच्या आईचा डावा पाय शुगरने गेला. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत. तिच्या जखमा ताईने आणि मी पाळीपाळीने धुतल्या. त्या वासाबद्दल आम्ही दोघी एकमेकींशीसुद्धा कधी बोललो नाही. नंतर माझी शुगर वाढली, गुडघे गेले, आणि पेणच्या शाळेत वरच्या मजल्यावर मराठी शिकवायला जाताना मी जिन्यात मध्येच थांबून भिंतीवरचे सुविचार वाचत असल्याचं नाटक करू लागले. त्या सुविचारांत वाचण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी हा मार्ग सांगितला. मी त्यावर मिळेल ते वाचलं. वाचून माणूस शहाणा होतो असं मी तीस वर्षं मुलांना सांगत आले आहे.

पहिले सहा-सात महिने मी संतपदाला पोचले होते. वाटीभर मऊ डाळ, दोन चमचे पनीर, आणि चुन्याच्या निवळीसारखी लागणारी प्रोटीन पावडर. भूक नावाची गोष्ट कुणीतरी उचलून नेली होती. केस गळले, दंडाची कातडी लोंबू लागली, पण वजन रोज उतरत होतं. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. शाळेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. इतकी वर्षं शिकवल्याबद्दल कधी झाला नव्हता, न खाल्ल्याबद्दल झाला. मुख्याध्यापकांनी भाषणात मला मनोनिग्रहाचा हिमालय म्हटलं. माझ्या जुन्या मापाकडे पाहता तो शब्द त्यांनी टाळायला हवा होता.

शिंपीणबाईंनी ब्लाऊज लहान करताना विचारलं, "आत माया ठेवू ना थोडी?" मी म्हणाले, "कापून टाका." परत रुंद व्हायची वेळ येणार नाही, याची मला एवढी खात्री होती.

होळीला ताईचा फोन आला. "किती झालं गो?" मी आकडा सांगितला. ऑपरेशनच्या दिवसापेक्षा तब्बल अडतीस किलो कमी. तिने तो तिथल्या तिथे भावोजींना ओरडून सांगितला. भावोजी धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेले, हिशोबाला पक्के. मागून त्यांचा आवाज आला, "म्हंजे ढेपा किती?"

गूळतुला मात्र लगेच झाली नाही. आधी त्यांच्याकडे एक लग्न निघालं, मग पावसाळा आला. पावसात गूळ पाझरतो, ढेपा हातात सुटतात. म्हणून ठरलं, दिवाळी झाल्यावर. आकडा मात्र होळीचाच राहिला.

आणि मधे पापडांचा मोसम येऊन गेला.

शेजारच्या वहिनींचा पापडांचा धंदा आहे. एप्रिलमध्ये आमच्या सामाईक अंगणात पोह्याच्या पापडांच्या चटया पडतात. पीठ कुटून झालं की त्याच्या लाट्या होतात, सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या, मिरची-हिंगाच्या. कच्च्या तेलात बुडवून त्या खायच्या. "घ्या ओ बाई, एक घ्या," वहिनी म्हणायच्या. "तुम्ही कुठं काय खाता!" सगळ्या आळीचा माझ्या उपासमारीवर विश्वास होता, त्यामुळे प्रत्येक जण मला फक्त एकच देत असे.

अर्धी पोळी खाल्ली की माझ्या छातीत दगड बसतो. लाटी तेलावरून घसरून जाते, त्या नळीला पत्ताही लागत नाही. हे डाएटच्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं: जेवण अडेल, खाऊ अडणार नाही, त्याच्यापासून जपा. मी ते ऐकलं होतं, वाचलंही होतं, आणि लाटी तोंडात असताना मला ते पूर्ण आठवत होतं.

मोसम संपला तर चिवडा सुरू झाला. पेणमध्ये राहून पोह्यांपासून लपायला जागा नाही. मी ताट वाढून घेत नसे. येता-जाता मूठ, वर्गावर जाताना मूठ, वह्या तपासताना मूठ. जेवायच्या वेळी मात्र माझी ती प्रसिद्ध वाटीभर डाळ. नवरा बघायचा. पुढे डबा कुठे ठेवलाय हे त्याने विचारणं सोडलं, तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे.

वजनकाटा न्हाणीघराच्या दारात होता. एका फरशीवर तो थोडा तिरका बसे आणि किलोभर कमी दाखवी. मी त्या फरशीवर मुक्काम हलवला. पुढे तीही खरं बोलू लागली. डाएटच्या बाईंचा फोन आला की मी तो वाजू देत असे. जादा तास घेते असं त्यांना एकदा कळवलं. पुढचे सगळे फोन त्याच तासात गेले.

एका दुपारी मी चिवड्याचा डबा मोरीत नेला आणि त्यावर नळ सोडला. संपवायचंच होतं. पोहे भिजून फुगले, शेंगदाणे वर तरंगले. मी नळ बंद केला. मग हाताने वरचा लगदा बाजूला सारला, आणि तळाला जो कोरडा राहिला होता तो मोरीपाशी उभी राहून खाल्ला. शेवटी पदराला हात पुसले. मला तेव्हा रडूही आलं नाही. चूल, मोरी, नळ सगळं जागच्या जागी होतं आणि मी काय केलं हे कुणी बघितलं नव्हतं, तरी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

दसऱ्याच्या सुमारास रक्त तपासलं. पेणच्या डॉक्टरांनी कागद बघून म्हटलं, "शुगर काठावर आलीय परत." त्या दिवसापासून मी अंघोळीत डावा पाय जरा जास्त वेळ धुऊ लागले. बोटांच्या बेचक्यांत बघायची.

तुलेचा दिवस ठरला. नवरा म्हणाला, "ताईला सांगून टाक."

"काय सांगू?"

"किती वाढलंय ते."

"तू सांग."

"माझी तुला असती तर सांगितलं असतं."

मग मी माझ्या परीने उपाय केला. दोन दिवस नुसत्या ताकावर राहिले. नऊ किलो वाढलेली बाई दोन दिवसांच्या ताकाने देवीला चकवायला निघाली होती. रोह्याच्या गाडीत कासू स्टेशन गेल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. नवऱ्याने पाणी दिलं आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

ताईच्या मनात घरचा, साधा नवस होता. भावोजींच्या मनात सोहळा होता. देवळाच्या कमानीवर फ्लेक्स लागला होता, 'भव्य गूळतुला', आणि खाली एका भावी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, माझ्या फोटोपेक्षा मोठा. माझा फोटो त्यांना कुठल्याशा लग्नातला सापडला होता, ऑपरेशनच्या आधीचा. त्यामुळे माझी फार सोय झाली. बायका फ्लेक्सकडे बघत, मग माझ्याकडे बघत आणि म्हणत, "कवढी बारीक झाली गो ही!"

सभामंडपात तांदळाच्या वखारीतला मोठा तराजू टांगला होता, साखळ्यांचा, पोती तोलायचा. एका पारड्यात पाट ठेवून त्यावर मला बसवलं. दुसऱ्यात गुळाच्या ढेपा रचायला सुरुवात झाली. भावी नगरसेवकांनी माईक घेतला आणि स्त्रीशक्तीवर बोलू लागले. ढेपा चढत होत्या. ताई हात जोडून उभी होती. शेवटची ढेप ठेवली.

मी जमिनीवरच होते.

"बाई, पाय टेकलाय काय तुमचा?" तोलणारा माणूस म्हणाला.

मी पाय पोटाशी घेतले. पारडं हललं नाही.

"साखळी अडकलीय बहुतेक," भावोजी म्हणाले आणि त्यांनी साखळी हलवून बघितली.

"आवो, ओटीत काय बांधून बसलीय काय ती?" मागून एक म्हातारी म्हणाली. बायका हसल्या.

मग ओटीचे नारळ गुळावर ठेवले. मग आणखी कुणाचे नारळ. मग माझ्यासाठी आणलेलं लाकडी स्मृतिचिन्ह. पोती तोलायच्या त्या पारड्यात गुडघे उराशी धरून मी बसले होते, आणि माझ्यासमोर माझं खरं वजन भर दुपारी एकेक नारळाने मोजलं जात होतं. भाषण संपत आलं होतं. फोटोवाला खोळंबला होता. तेव्हा भावी नगरसेवक पुढे आले, हसऱ्या चेहऱ्याने त्यांनी गुळाच्या पारड्यावर आपला हात ठेवला, आणि दाबला. मी वर गेले. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. ते फार चांगलं काम करतात असं लोक म्हणत होते, आणि त्या दिवशी तरी ते खरं होतं.

टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी ताई.

गूळ फोडून वाटायला घेतला तशी ती मला देवळामागे हात धुवायच्या नळापाशी घेऊन गेली.

"किती गो?"

"काय किती?"

"मला नको शिकवू. किती वाढलंय?"

"नऊ."

"नऊ किलो?" तिने कपाळाला हात लावला. "मग सांगायचं ना गो येडे! दुकान उघडं व्हतं. देवीसमोर हात दाबून नवस फेडला आम्ही. हा काय नवस झाला?"

"ताई, मी गुळाचं नाय बोलत," मी म्हणाले. "परत येतंय. सगळं परत येतंय. मला थांबवता येत नाय. अर्धं पोट कापून दिलं, तरी थांबत नाय. आता काय कापू?"

तिची नजर खाली गेली, माझ्या पायाकडे. डाव्या.

"शुगर?"

"काठावर."

मंडपातून गुळासाठी मुलांची झुंबड ऐकू येत होती. ताईने नळ सोडला, उगाच हात धुतले, पदराने पुसले.

"मी परत बोलते देवीला," ती म्हणाली. "तू बारीक झालीस की—"

"नको. देवीला नको घालूस मधे. तू फोन कर."

"कुणाला?"

"मला. रोज. काय खाल्लंस विचार."

"एवढंच ना? करते की."

"मी खोटं सांगेन, ताई."

"मग विचारू कशाला?"

"तरी विचार."

ती माझ्याकडे बघत राहिली. आईच्या जखमेवरची पट्टी सोडवताना ती अशीच बघायची, आत काय निघेल म्हणून. मग म्हणाली, "बरं," आणि नऊ किलो गूळ आणायला भावोजींना दुकानात पिटाळलं. ते कुरकुरले. पाहुणे निघून गेल्यावर तो गूळ कुणासाठी आणायचा, हे त्यांना कळेना.

सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या तरी वाढदिवसाचं फरसाण आलं होतं. मोबाइल वाजला तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. ताई होती. मी फोन उचलला आणि बोलू शकले नाही.

तिने ऐकलं असणार. फरसाण चावल्याचा आवाज लपत नाही.

"गीळ आधी," ती म्हणाली. "मी हाय फोनवर."

मी गिळलं.

"काय खाल्लंस?"

"फरसाण."

"किती?"

बशी माझ्यासमोर होती. चमचाभर, हा शब्द जिभेवर तयार होता. तो मी इतक्यांदा वापरला होता की खोटाही वाटत नव्हता. शेजारच्या सहशिक्षिका वह्या आवरत आमचं बोलणं ऐकत होत्या.

"बशीभर," मी म्हणाले. "बशी संपलीय."

पलीकडे ताईने मोठा श्वास घेतला. मला वाटलं ती रागवेल, किंवा आईचं नाव काढेल. तिने दोन्ही केलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "शाळा सुटली की परत करते."