अमावास्येला मागे ठेवलेला चेक

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. बायकोला नाही, मुलांनाही नाही. बिदरच्या बँकेचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो. आता उठून जायलाही कोणाचा तरी हात लागतो, म्हणून बसल्या जागी लिहून टाकतो.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. हळ्ळीखेडच्या एका अडत दुकानात मी लिखापढी करत होतो. दुकानाच्या मालकांना सगळा गाव अप्पा म्हणायचा. आठवड्यातून एकदा मोटारीने बिदरला जाऊन बँकेत भरणा करायचा, हे माझं काम होतं. तिथे खिडकीवर एक वयस्कर कारकून बसायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. भरण्याची पावती उर्दूत लिहावी लागायची आणि माझं उर्दू कच्चं. पहिले दोन महिने त्यांनीच शेजारी बसवून ती माझ्याकडून लिहून घेतली. मी चुकलो की नवा कागद पुढे सरकवायचे. "नक्को घबराव मियाँ, बँक में कागज बहोत हैं." आज मला जे उर्दू येतं ते त्या खिडकीवरचं.

एकदा भरण्याचा दिवस अमावास्येला आला. आदल्या संध्याकाळी दुकानात मी पावती लिहून खिशात ठेवली आणि तीन चेकांचं पाकीट घरी नेलं. सकाळी माझी अव्वा, म्हणजे आई, चुलीपुढून म्हणाली, "आज कामून जायलास? अमावास्येला लक्ष्मी घराबाहेर काढत न्हाईत."

"ती अप्पांची लक्ष्मी हाय अव्वा, आपली न्हाई."

"कुणाची का असंना. रातभर आपल्या घरात निजली की न्हाई?"

मी हसलो आणि आंघोळीला गेलो. पाकीट देवाच्या जगलीवर, देव्हाऱ्याच्या कट्ट्यावर, होतं. येताना उचललं आणि मोटार गाठली.

रमजान संपत आला होता. ईदसाठी बँक बंद राहणार म्हणून खिडकीपुढे ही गर्दी. चाचांचा रोजा होता, ओठ सुकले होते. त्यांनी पाकीट हातात घेऊन विचारलं, "तीन हैं ना? गिना?"

"हौ," मी म्हणालो. मी मोजले नव्हते.

त्यांनी न उघडताच पावतीवर शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी कळलं की गुलबर्ग्याच्या तेल गिरणीवाल्याचा चेक खात्यात जमाच नाही. बँक म्हणाली, दोनच आले. अप्पा मला घेऊन बिदरला गेले आणि पावती मॅनेजरपुढे ठेवली. चाचांनाही खिडकीवरून आत बोलावलं होतं.

"शिक्का कुणाचा ह्यो?"

"शिक्का आमचाच आहे," मॅनेजर म्हणाले, "पण चेक कुठे आहे?"

"मग काय भाकरीसंगं खाल्लो आम्ही?"

खोलीतले शिपाईसुद्धा हसले. त्या हसण्याने मला जोर चढला. माझी नोकरी जाईल या भीतीने मी आधीच पेटलो होतो. ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांच्याकडे बोट करून ओरडलो, "चाचा, टेबलात गावत नसंल तर घरी बघा तुमच्या!"

मॅनेजरनी चाचांना सरळ विचारलं, या पोराने पाकिटात दोनच दिले असतील का? एक हो म्हटलं असतं तर मी चोर ठरलो असतो. चाचा म्हणाले, "मोहर मेरी है साब. बच्चे ने दिया, मैंने लिया."

त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं आहे. अप्पांचा विश्वास राहिला, पुढे त्यांनीच मला भागीत घेतलं, त्यातून घर झालं, मुलं शिकली. रोज अंघोळीनंतर विभूती लावताना मी ज्यांची आठवण काढतो त्यांत अप्पा आहेत, अव्वा आहे आणि चाचा आहेत.

गिरणीवाल्याने दुसरा चेक दिला. अप्पांचं काही बुडालं नाही. चाचांना मात्र खिडकीवरून काढलं आणि तेलंगणाकडच्या कुठल्याशा लहान शाखेत बदलीचा हुकूम निघाला.

अव्वा त्याच अमावास्येच्या दुपारी खजुरीला गेली होती, बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणाला. दोन महिन्यांनी परतली. आल्या आल्या जगलीवरच्या पितळी डब्यातले तांदूळ बाजूला सारून तिने एक कागद काढला. "घे बाबा तुझं. एक मागं ठेवलं की बाकीच्याला दोष लागत न्हाई. सांजच्याला देईन म्हणलं, तर दुपारीच खजुरीचं बोलावणं आलं."

गिरणीवाल्याचा चेक होता तो. तिला वाचता येत नव्हतं. तिने वरचा एक उचलला होता. मी तिला काही बोललो नाही. ती गेली तोवर तिला कळलं नाही, आणि ते तरी मी बरं केलं असं वाटतं.

चाचा अजून गेले नव्हते. चेक खिशात घालून मी बिदरलगतच्या मैलूरला त्यांच्या घरी गेलो. सामान बांधून ओसरीत ठेवलेलं. मला बघून ते उठलेच. "आओ मियाँ! खाना खाके जाना." आमचं सोवळं त्यांना ठाऊक होतं, म्हणून शेजाऱ्याकडून केळी मागवली. स्वतः सोलून दिली. चेक बाहेर काढला असता तर त्यांची बदली थांबली असती. पण बँकेने अप्पांना कळवलं असतं. मी तीन केळी खाल्ली. निघताना ते म्हणाले, "उर्दू छोड़ना नक्को." मी "हौ" म्हणालो.

अठ्ठेचाळीसनंतर, अप्पा वारले आणि त्यांची भीती उरली नाही तेव्हा, पुन्हा मैलूरला गेलो. त्या घरात दुसरी माणसं राहत होती. चाचा कुठे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, बँकेतही कोणी सांगू शकलं नाही.

तो चेक माझ्याकडे आहे. त्या दुसऱ्या खेपेला त्याच्या मागे मी चाचांनी शिकवलेल्या उर्दूत चार ओळी लिहून नेल्या होत्या. मराठीत त्या अशा: चाचा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी मोजले नव्हते. चेक आमच्याच घरी तांदळात होता. तुमच्या घरी बघा म्हणालो, ते मला माफ करा.