झेंडूच्या हारातला माझा फोटो

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुरुष आपापले चेहरे बिनधास्त लावतात. बायकांच्या जागी मात्र गणपती, गुलाब नाहीतर नातू. बाईचा एकटीचा फोटो ग्रुपवर आला, की समजायचं, बाई गेली. हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. जुनीच का होईना, आम्ही कार घेतली होती, आणि पन्नाशीत मी ती एकटीने देवासहून टोंकखुर्दला नेऊन परत आणली होती.

फोटो मुलीने समोरच्या काचेतून काढला. स्टिअरिंगवर मी, काचेवर पूजेचा झेंडूचा हार. पोट दिसत होतं, ते कापलं. मग हनुवटीखालचंही कापलं. उरला चेहरा आणि हार. खाली लिहिलं, 'आज एकटीने गाडी चालवली. घाबरले, रडलेसुद्धा, पण थांबले नाही. मला माझाच अभिमान वाटतो.' असलं काही मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. एखाद्याने तरी शाब्बास म्हणावं, एवढीच हाव होती.

पहिली आली पुतणी. 'ॐ शांति.' ती हिंदी शाळेत शिकलेली, मराठी ओळी कशाला वाचेल! मग रांगच लागली. 'फार गुणी होत्या.' 'सदा हसतमुख.' एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं. हसून हसून मी सोफ्यावरून खाली आले. तेवढ्यात चुलत दिरांचा ह्यांना फोन, "भिया, हिम्मत ठेवा. आम्ही निकलतोच आहोत."

पोह्यांचा घास तोंडात धरून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर विचारलं, "कुठे?"

सगळं कळल्यावर म्हणाले, "आधी तो फोटो काढून टाक."

मी काढणारच होते. माझ्या ओळी कुणी वाचल्याच नाहीत, हे आता टोचायला लागलं होतं. इतक्यात धारहून माझ्या आत्याचा ह्यांना फोन आला, तो मीच उचलला. माझं "हॅलो" ऐकून ती किंचाळली, रडली, मग तिने मला यथेच्छ शिव्या दिल्या. शेवटी चष्मा शोधून माझ्या ओळी मोठ्याने वाचल्या.

"रडलीस का गं?"

"समोरून ट्रक आला ना."

"तरी थांबली नाहीस. शाब्बास! फोटो राहू दे. आणि रविवारी गाडी घेऊन ये, माझाही एक असा काढ. हार मात्र नको."

"लगेच ग्रुपवर लावू?"

"लावच. मी गेल्यावर सगळे लावतीलच गं. तेव्हा मला कुठे बघायला मिळणार?"