लाईट आली की वाजणारी घंटा

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की मी बारावीच्या पोरांना घरी करायचं काम देते. आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि माझा नियम साधा आहे. आपल्या घरातली एक अडचण शोधा, ती सोडवणारं काहीतरी आपल्या हातानं बनवा, आणि कुणाची मदत घेऊ नका, माझीसुद्धा नाही. यंदा खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिले आणि हात वर जाईना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, काय झालं?" उद्या देते, एवढंच मी म्हणाले. तो उद्या काही अजून उजाडलेला नाही.

खरं तर या कामावरून मी पोरांवर किती डाफरत आलेय! परभणीच्या बाजारात तयार मॉडेल मिळतात. लुकलुकणारा सिग्नल घ्या, पंख्याची पवनचक्की घ्या, नाव चिकटवा आणि आणून द्या. एकच पवनचक्की भावकीत फिरून दोन वर्षं लागोपाठ माझ्या टेबलावर आलेली आहे. "हिला तरी आता पास करून टाका मॅडम," असं एक पोरगं म्हणालं, तेव्हा मलाही हसू आवरलं नव्हतं.

अशा गर्दीत गेल्या साली एका पोरीनं घंटा आणली.

पेडगावकडून यायची ती. घर गावात नव्हतं, शेतातच, आखाड्यावर. वर्गात हुशार, पण एक आठवडा यायची आणि एक आठवडा गायब. मी रागावले तेव्हा कळलं की शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. वेळापत्रक छापलेलं असतं, पण लाईटला ते वाचता येत नाही. ती मधेच जाते, केव्हाही येते. मोटार आपोआप चालू करणारा ऑटो एकदा लावला होता, त्यात मोटार जळली. तेव्हापासून वडिलांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. म्हणून आईवडील लांब कापसात, आणि ही आखाड्यावर, वर टांगलेल्या बल्बकडं बघत. बल्ब पेटला की पळत जाऊन हाका मारायच्या. दिवसपाळीच्या आठवड्यात तिचं शिक्षण म्हणजे एवढंच.

तिनं बनवलेलं यंत्र दिसायला अगदी गबाळं होतं. जुन्या गाडीची बॅटरी, घंटेच्या जागी गाडीचाच हॉर्न, लाईट आली की आपोआप जोडणी करणारा एक रिले आणि लाकडी फळी. लाईट आली की हॉर्न वाजायचा आणि वाजतच राहायचा. कुणीतरी उठून बटण दाबेपर्यंत थांबायचा नाही.

"आपोआप बंद का नाही केलास?" मी विचारलं.

"आपोआप बंद झाला तर माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करत्यात मॅडम. उठावंच लागलं पाहिजे."

त्यानंतर ती रोज कॉलेजात यायला लागली. तिच्या जागी घंटा राखणीला बसली होती. एकदा प्रयोगशाळेत तार सोलता सोलता म्हणाली, "इंजिनिअरिंगला असलंच करायचं असतंय का?"

"असलंच. आणि याच्यापेक्षा लय अवघड."

"मग मला तेच पाहिजे."

मी बौद्ध घरातली. आमच्या घरात पोरगी शिकेल का, हा प्रश्न कधी नव्हताच, किती शिकेल एवढाच होता. त्यामुळं तिचंही तसंच होईल असं मी धरून चालले. प्रवेश परीक्षेचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. परीक्षा तिला छान गेली.

मग एक दिवस तिचे वडील पेढे घेऊन कॉलेजात आले. मला वाटलं, निकालाआधीच हौस बघा. तर लग्न ठरलं होतं.

"तुमचे उपकार हायत मॅडम," ते म्हणाले. "पाव्हणे बघायला आले, त्यांनी आधी घंटा बघितली, मग पोरगी. गंगाखेडकडं ऊस हाय त्यांचा, लाईटीनं तेबी बेजार. म्हणले, आमाला अशीच सून पाहिजे. देण्याघेण्याचं नावसुदा काढलं न्हाई."

"आणि इंजिनिअरिंग, भाऊ?"

"आता हातच्या काकणाला आरसा कशाला? येतंय की तिला सगळं. आणखी शिकून काय करायचंय?"

माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत खरा आनंद होता. तरी मी भांडले. दोनदा आखाड्यावर जाऊन आले. पोरगी वडिलांसमोर म्हणाली, "मला शिकायचंय." वडील म्हणाले, तिकडं गेल्यावर शीक, पाव्हणे न्हाई म्हणत न्हाईत. तिला अठरा पूर्ण झाली होती, कायद्याकडं बोट दाखवायचीही सोय नव्हती. पेढा मी तेव्हा खाल्ला होता, त्याची चव अजून जिभेवरून जात नाही.

लग्न पिंगळीच्या मंगल कार्यालयात झालं. दारातच रुखवत मांडलेलं होतं. लोकरीचे पोपट, सुपारीची बाहुला-बाहुली, मण्यांचं तोरण, आणि मधोमध, झेंडूची माळ घालून, मी सुट्टीत दिलेलं काम. चिठ्ठी लावली होती, 'नवरीच्या हातची घंटा'. कुणा हौशी भावानं तिची तार भिंतीतल्या बोर्डालाही जोडून दिली होती. बायका वाकून बघत होत्या, सासरकडचे फोटो काढत होते.

अक्षता पडल्या, आणि जेवणाच्या पंगती बसत असताना लाईट गेली. जनरेटरवर फक्त स्टेजचे दिवे आणि माईक चालू राहिले. थोड्या वेळानं लाईट परत आली आणि हॉर्न वाजला. सगळा मांडव दचकला, मग हसला, मग टाळ्या पडल्या. सासरे अभिमानानं इकडंतिकडं बघायला लागले.

स्टेजवर ती मात्र खुर्चीतून अर्धी उठली होती. मुंडावळ्या हलल्या. पळायच्या बेतात असल्यासारखा शालू एका हातानं वर धरलेला. करवलीनं खांद्यावर हात ठेवून दाबलं, "बस गं, नवरी हायेस तू." ती बसली.

हॉर्न थांबेना. कुणी तार ओढतंय, कुणी फळी हलवतंय, बॅटरीवर चालतो हे त्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं. तिचे आईवडील मागं स्वयंपाकाकडं गुंतलेले, त्यामुळं बटण कुठं आहे ते तिथं आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिनं सगळ्या गर्दीतून माझ्याकडं पाहिलं. रडत नव्हती. मी उठते का, एवढंच बघत होती.

मी उठले. रुखवतापाशी गेले, माळ बाजूला केली आणि बटण दाबलं. लगेच सगळे जेवायला लागले.