सवाष्णीचा टाका

शिवणाचं मशीन मला महिला मंडळानं दिलं, अगदी फुकट. त्या दिवशी मंडळाच्या बाईसाहेबांनी मला सगळ्यांपुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "विधवा भगिनीला नुसती दया नको, स्वतःचा धंदा हवा!" टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मिळालेलं मशीन सोडायला मी काय खुळी होते?

नवरा तापानं गेल्यापासून मी थोरल्या दिरांच्या घरात होते. त्यांच्या जिवावरचं दोन वेळचं खाणं गोड लागत नसे. मशीनवर झबली आणि परकर शिवायची, त्यात तेलमीठही सुटेना. कमाई होती लग्नाच्या पोलक्यांत, आणि पांढऱ्या कपाळाच्या बाईकडं लग्नाचं पोलकं कोण टाकणार?

वाट काढली ती जाऊबाईंनी. "नाव माजं सांग की. शीव तू. आत कोण बघायला येतंय?"

जाऊबाईंना साधं बटण लावता येत नव्हतं. पण ठसठशीत कुंकू लावून त्या ओसरीवर बसायच्या, मापाचं जुनं पोलकं ठेवून घ्यायच्या, भावही करायच्या. मी पडद्यामागं मशीन चालवायची. नवी पेठेत घेतलेलं कापड बायका थेट आमच्याकडं आणू लागल्या. लग्नसराईत मला जेवायला उसंत नसे, आणि जेवण गोड लागू लागलं.

मग बाईसाहेबांच्याच मुलीचं लग्न निघालं. तिचं एक पोलकं इतकं छान बसलं, की दुसरं न्यायला येताना मायलेकी शिवणारणीची ओटी भरायला नारळ-खण घेऊन आल्या. जाऊबाई नळावर गेलेल्या. बाईसाहेबांनी हाक मारत पडदा सारला. मी बाहीला शेवटची शिवण घालत होते.

"अगं बाई! माझ्या मुलीचं पोलकं तू शिवतेस?"

"चुकलं बाईसाहेब," मी म्हणाले. काय चुकलं होतं माझं, कपाळ? पण तोंडातून निघालं तेच.

तेवढ्यात जाऊबाई घागर घेऊन आल्या आणि भडकल्याच. "व्हय, तीच शिवती! धंदा कर म्हणून तुमीच की मशीन दिलं तिला!"

मी त्यांचा पदर ओढला. "गप बसा हो, पाया पडते." बाईसाहेब गावात एक शब्द बोलल्या असत्या, तरी लग्नाचं काम संपलं असतं.

बाईसाहेबही ओशाळल्या होत्या. खाली बघत म्हणाल्या, "शेवटचा टाका सवाष्णीचा पडू दे, म्हणजे झालं."

"मी न्हाय घालणार," जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी नुसतं "नका घालू" म्हटलं असतं, तर त्या बाईसाहेबांशी भांडल्या असत्या. मी सुई त्यांच्या हातात दिली. त्यांना दोरा ओवता येईना, तोही मीच ओवून दिला. त्यांनी बाहीवर वेडावाकडा टाका घातला. बाईसाहेबांनी त्यांची ओटी भरली आणि मी नारळ आत नेऊन ठेवला. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

धंदा टिकला. पुढं बाईसाहेबांकडून ऐकून सगळ्याच बायका सवाष्णीचा तो टाका आपल्यासमोर घालून मागू लागल्या. जाऊबाई माझ्याकडं न बघता हात पुढं करायच्या, आणि मी सुई ओवून द्यायची.